कुत्र्याच्या दातांवरचे इनॅमल : दोष, पारख आणि उपचार

कुत्र्याच्या दातावरचे इनॅमल, म्हणजे दंतवल्क, हा त्याच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. मात्र हा थर कुत्र्यात फार पातळ असतो. माणसाच्या दाढेवर इनॅमलची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत भरते. कुत्र्याच्या दातावर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि अनेक ठिकाणी त्याहूनही कमी असते. हा थर घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच आपले काम संपवून नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, फाटलेली कातडी भरून येते. इनॅमलमध्ये राहिलेली उणीव मात्र आपोआप कधीच भरून येत नाही.

दोष कधी घडतो हे कळण्यासाठी पिल्लाच्या दातांचे वेळापत्रक ठाऊक असावे लागते. पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. ते एकूण २८ असतात आणि त्यांचे इनॅमल बरेचसे आईच्या पोटातच तयार झालेले असते. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास कायमचे ४२ दात पुरे होतात. या कायमच्या दातांचे इनॅमल जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत जबड्याच्या आत घडत असते. त्या काळात पिल्लावर जे काही ओढवते, त्याची खूण दातावर उमटते आणि ती दिसते दोन-तीन महिन्यांनी, दात वर आल्यावर. तोवर आजारपण विसरले गेलेले असते. पाच-सहा महिन्यांचे पिल्लू कोणी नव्याने घरी आणले असेल, तर त्या आजारपणाचा मालकाला पत्ताही नसतो.

दोष मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात इनॅमल पुरेसे बनतच नाही. दातावर खळगे, चरे किंवा आडवे पट्टे दिसतात, काही जागी खालचे डेंटिन उघडे पडलेले असते. पण जेवढे इनॅमल असते ते कठीण असते. दुसऱ्यात थर पुरा बनतो, त्यात खनिज मात्र नीट भरत नाही. असा दात वर येतो तेव्हा खडूसारखा पांढरट, निस्तेज दिसतो. चावण्याच्या जोराने मऊ इनॅमलचे पोपडे सुटतात, उघडे पडलेले डेंटिन अन्नातले रंग शोषते आणि दात पिवळसर, मग तपकिरी होतो. मालक ज्याला ‘दात सडला’ म्हणतो, तो पुष्कळदा असा डागाळलेला पण जिवंत दात असतो. दोन्ही प्रकार एकाच तोंडात, एकाच दातावरही आढळतात.

कारणांमध्ये सर्वांत आधी नाव घ्यावे लागते ते डिस्टेंपरचे. हा आजार गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे फ्रेंच पशुवैद्य आँरी कारे यांनी १९०५ साली दाखवले. गोवराच्या विषाणूशी नाते असलेला हा विषाणू श्वसनमार्ग, आतडी आणि मज्जासंस्था यांच्याप्रमाणेच इनॅमल घडवणाऱ्या पेशींनाही गाठतो. ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, खोकला, जुलाब, पुढे झटके आणि पायांची थरथर असा हा आजार अनेक पिल्लांचा जीव घेतो. जी वाचतात त्यांच्या दातांवर आडवे पट्टे राहतात. दाताचा माथा टोकाकडून हिरडीकडे घडत जातो. त्यामुळे पट्टा टोकाजवळ असेल तर आजार लवकरच्या वयात झाला, हिरडीजवळ असेल तर उशिरा झाला, असा अंदाज बांधता येतो. डाव्या-उजव्या बाजूंच्या जोडीच्या दातांवर पट्टे सारख्याच उंचीवर असतील तर कारण दाताला लागलेल्या माराचे नसून साऱ्या शरीराचे होते, हे जवळजवळ निश्चित. काही कुत्र्यांत या आजाराने दातांची मुळेही आखूड राहतात. ते वरून दिसत नाही, एक्स-रेमध्येच कळते.

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर या कारणाला विशेष महत्त्व आहे. डहाणूतील मसोलीसारख्या वस्तीत पाळलेला कुत्रा, वाडीवर राखणीला ठेवलेला कुत्रा, किनाऱ्यावर सुक्या मासळीच्या आशेने फिरणारा कुत्रा आणि पाड्यावरचा कोणा एकाच्या मालकीचा नसलेला कुत्रा एकाच वाटांवर भेटतात. तलासरीकडच्या पाड्यांवर तर बहुतेक कुत्री मोकळीच असतात. लस न टोचलेली पिल्ले सतत जन्मत राहिली की डिस्टेंपरचा विषाणू अशा कळपात टिकून राहतो. तो कुत्र्यांपुरता थांबतही नाही. शेजारच्या गुजरातेत २०१८ साली गीरच्या जंगलात थोड्या काळात २३ सिंह दगावले. त्यांतल्या काहींना कॅनाइन डिस्टेंपरची लागण झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत सिद्ध झाले. कुत्र्यांचे लसीकरण हा वन्यप्राण्यांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे, हे तेव्हा साऱ्या देशापुढे आले.

ताप आणणारे इतर तीव्र आजार, जंतांचा मोठा भार आणि कुपोषण यांचाही इनॅमलवर परिणाम होतो. आहार आणि दात यांचा संबंध तर प्रथम कुत्र्याच्या पिल्लांवरच सिद्ध झाला. ब्रिटनमध्ये मे मेलनबी यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चरबीत विरघळणारे एक पोषकद्रव्य कमी पडलेल्या पिल्लांचे दात उशिरा आणि वेडेवाकडे आले, त्यांचे इनॅमल सदोष निघाले. ते द्रव्य पुढे ड जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. आईविना वाढणाऱ्या पिल्लाला महिनोन्महिने नुसत्या पातळ दूध-भातावर किंवा चहात बुडवलेल्या पावावर ठेवणे म्हणूनच घातक. अंडे, मासळी, मांस यांची जोड त्याला हवी आणि जंताचे औषध वेळेवर हवे. डहाणूसारख्या गावात मासळी दुर्मीळ नाही. काटे काढून शिजवलेली स्वस्त मासळीही पिल्लाच्या भातात मोलाची भर घालते.

एखाद-दुसऱ्याच दातावर दोष असेल तर कारण त्या जागेचे असते. पिल्लाला लागलेला मार, मोडलेला आणि पू झालेला दुधाचा दात, किंवा दुधाचा दात काढताना खालच्या कोवळ्या अंकुराला झालेली इजा अशी कारणे तिथे शोधावीत. दुधाचा सुळा मोडला तर ‘नाहीतरी पडणारच आहे’ म्हणून सोडून देण्याचा प्रघात आहे आणि तो चुकीचा आहे. मोडक्या दातातून शिरलेला संसर्ग मुळाच्या टोकाशी पोचतो, आणि नेमका तिथे कायमचा सुळा घडत असतो.

आनुवंशिक दोष त्या मानाने क्वचित आढळतो. त्यात झाडून साऱ्या दातांचे इनॅमल खराब असते आणि बहुधा दुधाचे दातही तसेच असतात. आजारपणाचा इतिहास नसतो, एकाच वेतातली आणखीही पिल्ले तशी निघतात. इटालियन ग्रेहाउंड, पार्सन रसेल टेरियर, अकिता आणि सामोयेड या जातींत त्यामागचे जनुकीय बदल सापडले आहेत. तो वारसा अप्रकट असतो, म्हणजे आई-बाप दोघांचे दात चांगले असूनही पिल्लात दोष उतरू शकतो. अशा कुत्र्याची, आणि ज्या जोडीला अशी पिल्ले झाली त्या जोडीची, पैदास पुन्हा करू नये. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांनी हे नाकारणे म्हणजे पुढच्या पिढीच्या पदरात जाणूनबुजून दुखणे टाकणे आहे.

इनॅमलच्या दोषासारख्या दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि पारख करताना त्या वेगळ्या काढाव्या लागतात. दातांवरचे किटण तपकिरी असते, पण ते दातावर चढलेले असते आणि खरवडून निघते. दोषाच्या जागी दात आत गेलेला किंवा खडबडीत असतो. दगड किंवा पिंजऱ्याचे गज चावण्याची सवय असलेल्या कुत्र्याचे दात झिजतात. गज चावणाऱ्याचे सुळे मागच्या बाजूने झिजतात, टेनिसचा चेंडू सतत चघळणाऱ्याचे दात टोकाकडून बोथट होतात. टेट्रासायक्लिन गटाची औषधे गाभण कुत्रीला किंवा लहान पिल्लाला दिली तर दातांवर पिवळा ते तपकिरी रंग कायमचा बसतो. तिथे पृष्ठभाग बहुधा गुळगुळीत असतो आणि अतिनील प्रकाशात तो रंग चमकतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापावर याच गटातले डॉक्सिसायक्लिन सर्रास वापरले जाते. त्याने डाग पडण्याचा संभव कमी असतो आणि जीव वाचवण्यासाठी ते लागले तर द्यावेच. डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणून मात्र देऊ नये. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी ठिपके येतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड हे जिल्हे त्यासाठी ओळखले जातात. तिथे माणसांच्या आणि गुरांच्या दातांवरही त्याच खुणा शोधाव्यात.

खरी कीड कुत्र्यात कमी आढळते. त्याचे दात बहुतांशी निमुळते, अंतर सोडून असलेले, आणि लाळ माणसापेक्षा अल्कधर्मी असते. कीड लागलीच तर ती बहुधा दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खळग्यात लागते.  डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत राहणाऱ्या आणि झाडाखाली पडलेली पिकली फळे रोज खाणाऱ्या कुत्र्याच्या दाढा म्हणूनच मुद्दाम पाहाव्यात. इनॅमल आधीच उडालेल्या दाढेवर चिकट, गोड गर बसून राहणे चांगले नाही.

तपासणीची सुरुवात घरी होते, पण तिला एक अट आहे. ज्या कुत्र्याचे लसीकरण झाल्याची खात्री नाही, ज्याची लाळ गळते आहे, ज्याला गिळता येत नाही किंवा ज्याची वागणूक अचानक बदलली आहे, त्याच्या तोंडात हात घालू नये. रेबीजची ती लक्षणे असू शकतात. डिस्टेंपरमधले झटके आणि जबड्याची चघळल्यासारखी हालचालही कधी तशीच दिसते आणि नुसत्या नजरेने दोन्हींत फरक करणे धोक्याचे असते. लाळ जखमेला किंवा डोळ्याला लागली तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने, जखम असेल तर साबण लावून, पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे.

ओळखीच्या, लस झालेल्या, शांत कुत्र्याचे ओठ उजेडात बाजूने वर उचलले की बरेच काही दिसते. तोंड ताणून उघडण्याची गरज नसते. किती दातांवर खुणा आहेत, जोडीच्या दातांवर त्या सारख्या आहेत का, एखादा दात बाकीच्यांपेक्षा करडा किंवा जांभळट झाला आहे का, हिरडी लाल आहे का, हे टिपून फोटो काढून ठेवावेत. वागण्याकडे लक्ष द्यावे. एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, गार पाणी टाळणे, दोरी ओढण्याचा खेळ मध्येच सोडणे, पंजाने तोंड घासणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. पण कुत्रा दातदुखी फार लपवतो. तो जेवतो आहे याचा अर्थ त्याला दुखत नाही, असा मुळीच नाही.

इनॅमल गेल्याने दुखते का, याचे उत्तर डेंटिनच्या रचनेत आहे. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नलिका असतात आणि त्या थेट दंतमज्जेकडे जातात. त्या उघड्या पडल्या की थंड-गरमाची सणक आत पोचते. जंतूंनाही आत शिरायला वाट मिळते. कोवळ्या वयात मज्जेची पोकळी मोठी आणि डेंटिनचा थर पातळ असतो, म्हणून धोका तेव्हा सर्वाधिक. वय वाढते तसा दात आतून नवे डेंटिन घालत जातो आणि सणक कमी होते. शिवाय खडबडीत पृष्ठभागावर जंतूंचा थर पटकन बसतो. हिरड्यांचा आजार अशा दातांभोवती लवकर सुरू होतो.

दवाखान्यातली पुरी तपासणी पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालूनच होते. जागेपणी एकेका दाताला टोचणी लावता येत नाही आणि तोंडातले पाणी, किटण फुप्फुसात जाऊ नये म्हणून नळीही आवश्यक असते. टोचणी कठीण पृष्ठभागावरून घसरली तर तिथे उघडे पण निरोगी डेंटिन आहे. मऊ जागी रुतून अडकली तर कीड. दाताच्या मागून प्रकाश सोडला की जिवंत दात उजळतो, मेलेला बहुधा काळवंडलेला दिसतो. यानंतर प्रत्येक सदोष दाताचा तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून एक्स-रे काढावा. सारा निर्णय त्यावर उभा असतो. मज्जा मेली की डेंटिन वाढायचे थांबते. म्हणून ज्या दाताची आतली पोकळी समोरच्या जोडीदारापेक्षा रुंद राहिली आहे, तो दात मेलेला समजावा. मुळाच्या टोकाभोवती काळी छटा असेल तर संसर्ग हाडात पोचला आहे. सात-आठ महिन्यांच्या पिल्लात पोकळी रुंद आणि मुळाचे टोक उघडे असणे स्वाभाविक आहे, त्यामुळे त्या वयात जोडीदाराशी तुलना केल्यावाचून निदान करू नये. एक्स-रे न काढता दातावर नुसते सिमेंट भरून देणे म्हणजे आतला पू झाकून ठेवणे होऊ शकते.

उपचारांचे सूत्र असे की दात जिवंत असेल तर कमीत कमी कोरावे. हाताच्या उपकरणाने सुटे, मऊ इनॅमल काढून कडा गुळगुळीत केल्या जातात. किटण काढण्याचे कंपन यंत्र जोराने लावले तर उरलेले कमकुवत इनॅमलही उडते, म्हणून ते हलक्या हाताने, थोडा वेळच वापरावे. मग पृष्ठभाग आम्लाच्या जेलने तयार करून त्यावर राळेसारखे पातळ द्रव्य लावतात आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. त्याने नलिकांची तोंडे बंद होतात, सणक थांबते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. खळगा लहान असेल तर दाताच्या रंगाचे काँपोझिट भरता येते. मोठ्या पृष्ठभागावर, विशेषतः चावण्याच्या जागी, ते फार टिकत नाही. दात फारच उघडा पडला असेल आणि मूळ मजबूत असेल तर धातूची टोपी बसवतात. पोलिसांच्या किंवा राखणीच्या कुत्र्यांच्या सुळ्यांसाठी तो खर्च योग्य ठरतो. फ्लोराइडचा लेपही सणक कमी करण्यासाठी लावतात, पण तो डॉक्टरांनीच लावावा, कारण गिळला गेलेला फ्लोराइड विषारी असतो.

मेलेल्या किंवा पू झालेल्या दाताला दोनच मार्ग, मूळनलिका उपचार किंवा दात काढणे. सुळे, वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ हे कामाचे दात. त्यांना वाचवण्यासाठी खर्च करावा. पटाशीचा लहान दात किंवा आखूड मुळाचा हलणारा दात काढून टाकणे हेच बहुधा भले. बिनदुखऱ्या तोंडाचा कुत्रा दोन-चार दात कमी असूनही उत्तम जेवतो. आणि नुसता डाग आहे, पृष्ठभाग कठीण व गुळगुळीत आहे, एक्स-रे स्वच्छ आहे, अशा दाताला काहीही न करता नजर ठेवणे हाही पुरेसा आणि प्रामाणिक उपचार आहे.

हे सारे तालुक्याच्या ठिकाणी मिळेलच असे नाही. लसीकरण, सुरुवातीची तपासणी आणि दुखणे कमी करणारे औषध जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. पुढच्या उपचारांसाठी डहाणूकरांना रेल्वेने मुंबई गाठता येते. परळला १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे, २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय आहे. उलट दिशेला नवसारीतही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी फोन करून दातांच्या एक्स-रेची सोय आणि कुत्र्याला किती तास उपाशी ठेवायचे, या दोन गोष्टी विचारून घ्याव्यात.

राळेचा लेप कायमचा नसतो. तो झिजतो, म्हणून वर्षातून एकदा भूल देऊन तपासणी करून पुन्हा लावावा लागतो. जिवंत-मेला याबद्दल शंका असलेल्या दाताचा एक्स-रे सहा महिन्यांनी परत काढावा. मधल्या काळात घरी दात रोज घासणे सर्वांत उपयोगाचे. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट घेऊन दातांची बाहेरची बाजू अर्धा-एक मिनिट घासली तरी पुरते. माणसांची पेस्ट वापरू नये. तिच्यातला फ्लोराइड पोटात जातो, आणि काही पेस्टमध्ये असलेल्या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरून जीवही जाऊ शकतो. राखुंडी, कोळसा, मीठ किंवा मिश्री कुत्र्याच्या दातांना चोळण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो मानू नये. राखुंडी आणि कोळसा उरलेले इनॅमल खरवडतात, मिश्रीतला तंबाखू विष आहे.

हाडूक चघळल्याने दात मजबूत होतात, हा समज सदोष दातांच्या कुत्र्याला फार महागात पडतो. अंगठ्याचे नख दाबून खूण उमटत नाही अशी कोणतीही वस्तू त्याला चावायला देऊ नये. यात मटणाचे नळीचे हाड, शिंग, खूर, कडक नायलॉनचे खेळणे सारेच आले. नारळाची करवंटी आणि दगड वाडीत सहज हाती लागतात. त्यांऐवजी लवचीक रबराचे खेळणे किंवा गाठ मारलेले जुने जाड कापड द्यावे.

डिस्टेंपरची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिल्यांदा टोचतात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत पुन्हा देतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीला निष्प्रभ करू शकते, म्हणून एका टोचणीवर थांबून चालत नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आणखी एक मात्रा देतात. गाभण राहण्यापूर्वी आईची लस पुरी झालेली असेल तर पिल्लांना पहिल्या आठवड्यांतही संरक्षण मिळते. कायमच्या दातांचे इनॅमल नेमके याच काळात घडत असते, म्हणून मसोलीत, वाडीवर किंवा पाड्यावर जिथे कुठे कुत्री व्याली असेल, तिथल्या मंडळींनी पिल्लांना सहाव्या आठवड्यातच पहिल्या लशीसाठी दवाखान्यात न्यावे आणि पुढच्या तारखा कार्डावर लिहून घ्याव्यात.